परवाना मिळेलही, पण रिव्हॉल्व्हर राहील कुणाबरोबर?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे सराफी दुकान आहे. मी तिसऱ्या पिढीतला. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या तालुक्यात भरदुपारी एका सराफाच्या दुकानात तिघे जण शिरले आणि गावठी कट्टा दाखवून पंधरा मिनिटांत दुकान रिकामे करून गेले. तेव्हापासून मला धड झोप लागत नाही. माझे वय ५८ आहे. दुकानात आता बहुतेक वेळ मुलगाच बसतो; तो २८ वर्षांचा आहे. रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा, असा त्याचा आग्रह आहे आणि माझ्या नावाने तो लवकर मिळेल, असे त्याला कुणी सांगितले आहे. पत्नीचा सक्त विरोध आहे. कारण विचारले तर ‘मला ते घरात नको’ एवढेच म्हणते. मुलाचे लग्न गेल्या वर्षी ठरून मोडले. तेव्हापासून तो चिडचिडा झाला आहे, रात्री उशिरा येतो, फारसा बोलत नाही, म्हणून या विषयावरून घरात आणखी वाद नकोत असे वाटते. माझा भाचा डॅलसला असतो. तिकडे घरोघरी बंदुका असल्यामुळे चोर दहा वेळा विचार करतात, असे तो सांगतो. वर्तमानपत्रांत मात्र तिकडच्या गोळीबारांच्याच बातम्या येतात. बंदुका जास्त असल्या की गुन्हे वाढतात की कमी होतात, हे एकदा स्पष्ट सांगावे, आणि मी अर्ज करावा की नाही, तेही. तसे आमच्या घराला शस्त्र नवे नाही. वडिलांची बारा बोरची बंदूक होती; तीन वर्षांपूर्वी ते गेले, ती माळ्यावर तशीच आहे.

— एक सराफ

उत्तर

सप्रेम नमस्कार.

महसूल खात्यातल्या नोकरीची शेवटची सहा वर्षे मी एका जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांच्या संचिका हाताळल्या, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी केवळ वाचनातला नाही. ‘माझ्या जीवितास व मालमत्तेस धोका असल्याने’ या शब्दांनी सुरू होणारे अर्ज मी इतके पाहिले आहेत की ते वाक्य आजही माझ्या कानात वाजते. त्यातल्या बहुतेकांना धोका कुणाकडून आहे आणि कसला आहे, हे दुसऱ्या वाक्यात सांगता येत नसे. तुम्हाला ते सांगता येते. शेजारच्या तालुक्यातला दरोडा खरा आहे, तुमच्या दुकानातले सोने खरे आहे आणि तुमची भीतीही रास्त आहे, हे मी आधीच मान्य करतो.

परवान्यापुरते थोडक्यात सांगतो. तुमच्या गावी पोलीस आयुक्तालय नसल्याने शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार तुमचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल. पोलीस ठाण्याचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी एवढे सारे लागेल. तुमचा व्यवसाय आणि निष्कलंक पार्श्वभूमी पाहता परवाना मिळणे अशक्य नाही. परंतु तुमच्या बेतात मुळातच एक खोट आहे. परवाना व्यक्तीला मिळतो, दुकानाला नाही. तुमच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर तुमच्या माघारी गल्ल्याशेजारी ठेवून मुलगा दुकानात बसला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो आणि तुम्ही परवान्याच्या अटी मोडणारे. ज्याच्या संरक्षणासाठी हा खटाटोप चालला आहे, त्याच्याच हातात ते शस्त्र कायद्याने देता येत नाही. ‘वडिलांच्या नावाने लवकर मिळेल’ असा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी ही गोष्ट सांगितलेली दिसत नाही. शिवाय लाखाच्या पुढे किंमत असलेले ते शस्त्र प्रत्येक निवडणुकीच्या वेळी बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावे लागेल, ते निराळेच.

आता त्या पंधरा मिनिटांचा विचार करा. तिघे जण आत आले, कट्टा बाहेर निघाला. त्या क्षणी तुमचे रिव्हॉल्व्हर कुठे असेल? हमीपत्रात लिहून दिल्याप्रमाणे कुलपात असेल तर ते त्या वेळी निरुपयोगी आहे. भरलेले, उघडे, हाताशी असेल तर ते वर्षातल्या इतर सर्व दिवशी धोकादायक आहे, कारण त्याच काउंटरवर कामगार, गिऱ्हाइके आणि त्यांची लहान मुले वावरत असतात. दरोडेखोर वेळ, जागा आणि माणसे आधी ठरवून येतो. तुम्ही त्या वेळी मंगळसूत्राच्या वाट्या दाखवत असता किंवा हिशेब लिहीत असता. अशा प्रसंगी शस्त्राकडे हात नेणारा माणूस समोरच्याला गोळी झाडण्याचे कारण देतो. रिव्हॉल्व्हरमुळे दरोडा उधळला गेल्याची उदाहरणे नाहीत असे मी म्हणणार नाही, ती आहेत. पण ती अशा माणसांची आहेत ज्यांना चार-दोन सेकंद अगोदर चाहूल लागली आणि ज्यांचा हात सरावलेला होता. पंचवीस काडतुसांची खोकी वर्षानुवर्षे न फुटता कपाटात पडून राहते, हा आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारकांचा सराव.

भाच्याचे म्हणणे मात्र निव्वळ ऐकीव समजून सोडून देऊ नये, कारण त्यामागे अमेरिकेत गेली पंचवीस-तीस वर्षे चाललेला एक गंभीर वाद आहे. १९९८ मध्ये जॉन लॉट या अर्थतज्ज्ञांनी असा दावा पुस्तकरूपाने मांडला की, ज्या राज्यांनी नागरिकांना शस्त्र अंगावर बाळगून हिंडण्याची मोकळीक दिली, तिथे हिंसक गुन्हे घटले. समोरच्याच्या कमरेला काय आहे हे ठाऊक नसले की गुन्हेगार बिचकतो, हा त्यामागचा तर्क, आणि तो सकृद्दर्शनी पटणाराही आहे. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये ही सगळी आकडेमोड तपासली आणि उपलब्ध पुराव्यांवरून अशा कायद्यांनी गुन्हे वाढले किंवा घटले यांपैकी काहीही ठामपणे म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे स्टॅनफर्डचे जॉन डॉनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन २०१९ मध्ये जे मांडले ते लॉट यांच्या नेमके उलट होते. अशी मोकळीक दिल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यांतले हिंसक गुन्हे, कायदा केला नसता तर जेवढे राहिले असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. हा वाद इतका रेंगाळण्याचे एक कारण राजकीय आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने घातलेल्या एका अटीनंतर या विषयावरच्या संशोधनाला मिळणारा केंद्र सरकारचा पैसा दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ आटला होता. प्रश्नाचे उत्तर गैरसोयीचे असण्याची शक्यता वाटली की मोजणीच थांबवायची, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

या वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट दिसते. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की चोऱ्या, घरफोड्या आणि मारामाऱ्या यांत अमेरिका इतर श्रीमंत देशांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ती वेगळी होती ती त्या मारामाऱ्यांत माणसे मरण्यात. झिमरिंग यांनी त्याआधी, १९६० च्या दशकात, शिकागो पोलिसांच्या नोंदी चाळल्या होत्या. भांडणाची कारणे सारखी, भांडणारी माणसे सारखी, बहुतेक वेळा ओळखीचीच. पण सुरीने झालेल्या हल्ल्यांच्या तुलनेत बंदुकीने झालेल्या हल्ल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे पाचपट होते. तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर इथे आहे. बंदुकीमुळे भांडण उद्भवत नाही. सुरी, काठी किंवा मुठी असत्या तर जे भांडण रुग्णालयात संपले असते, ते बंदुकीमुळे स्मशानात संपते. म्हणून गुन्ह्यांची संख्या मोजणाऱ्याला बंदुकांचा परिणाम अस्पष्ट दिसतो आणि मृत्यू मोजणाऱ्याला ठळक दिसतो.

चोर दहा वेळा विचार करतात, याविषयीही भाच्याला एवढे जरूर सांगा की तिथल्या घरांतून आणि मोटारींतून वर्षाला दोन लाखांहून अधिक बंदुका चोरीला जातात. म्हणजे बंदूक ही चोराला अडवणारी वस्तू असते तशी त्याला हवी असलेली वस्तूही असते, आणि चोरीची बंदूक पुढे कुठे वापरली जाते हे सांगायला नको.

त्या देशात २०२३ मध्ये सुमारे ४६,७०० माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांतले सुमारे १७,९०० खून होते आणि २७,३०० च्या आसपास आत्महत्या. वर्तमानपत्रांत तुम्ही वाचता ते शाळांतले आणि बाजारांतले गोळीबार या एकूण संख्येत फार लहान जागा व्यापतात. दहांतले जवळपास सहा मृत्यू असे की ज्यांत गोळी झाडणारा आणि मरणारा एकच. हे वाक्य लिहिताना तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्यासमोर आहे. तिच्याकडे मी परत येईन.

घरातल्या बंदुकीविषयी कॅलिफोर्नियात झालेले दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्या राज्यात हातबंदुकीच्या प्रत्येक खरेदीची नोंद होते आणि संशोधकांना लक्षावधी प्रौढांच्या नोंदी बरीच वर्षे पाहता आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात, ज्यांच्याकडे हातबंदूक होती अशा पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण ती नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट आढळले आणि स्त्रियांत पस्तीसपट. यावर नेहमीचा आक्षेप असा की, ज्याला मरायचेच आहे किंवा ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, तोच बंदूक विकत घेतो, म्हणून कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. आक्षेप वाजवी आहे. म्हणूनच २०२२ चा दुसरा अभ्यास पाहावा. त्यात स्वतः बंदूक न घेतलेल्या, पण बंदूकधारकासोबत एका छताखाली राहणाऱ्या माणसांकडे पाहिले गेले. अशा घरांतल्या माणसांचा खून होण्याचे प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून अधिक निघाले, आणि घरातच जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचे प्रमाण सुमारे सातपट. मरणाऱ्यांत बहुतांश स्त्रिया. बंदूक घराचे बाहेरच्यापासून रक्षण करते या समजुतीला आधार मिळेल असे काही त्या अभ्यासात दिसले नाही. तुमच्या पत्नीने यातले काही वाचले असेल असे मला वाटत नाही. ‘मला ते घरात नको’ हे त्यांचे चार शब्द मात्र या अभ्यासाशी तंतोतंत जुळतात.

यावर स्वित्झर्लंडचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते खरेही आहे. तिथे सैन्यसेवेमुळे घरोघरी शस्त्रे होती आणि आजही बरीच आहेत, तरी खून फार कमी. म्हणजे बंदुका आणि खून यांचे नाते सर्वत्र एकाच मापाचे नसते. समाज, कायदा, दारू, तरुणांची बेकारी, पोलिसांवरचा विश्वास हे सगळे त्यात येते. पण त्याच देशाने २००३-०४ मध्ये सैन्याचा आकार निम्म्यावर आणला, परिणामी अनेक घरांतून सैन्याची शस्त्रे परत गेली, आणि त्यानंतर सैन्यसेवेच्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. बंदूक नसेल तर माणूस दुसरा मार्ग शोधेलच, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळ जणांनी दुसरा मार्ग शोधला नाही.

आता आपल्याकडचे. आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा अमेरिकेसारखा घटनादत्त हक्क नाही. ती शासनाने काही कारणासाठी दिलेली आणि काढून घेता येणारी परवानगी आहे. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात, आणि महाराष्ट्रात केवळ ८४ हजार. यावरून उत्तर प्रदेशात खुनांचा सुळसुळाट असावा अशी अपेक्षा कुणी करील, तर २०२२ ची राष्ट्रीय गुन्हे नोंद त्याला निराश करील. त्या वर्षी तिथे लाख लोकसंख्येमागे दीड खून नोंदले गेले आणि महाराष्ट्रात १.८. हा आकडा मी मुद्दाम देतो, कारण ‘बंदुका जास्त तेथे खून जास्त’ असे सरळसोट गणित मांडणे मला सोपे गेले असते आणि ते खोटे ठरले असते. परवान्यांची संख्या हे आपल्याकडे बंदुकांचे खरे मोजमापच नाही. गोळीने होणाऱ्या दहा खुनांपैकी जवळपास नऊ खुनांत शस्त्र विनापरवाना असते, आणि आपल्याकडचे बहुसंख्य खून गोळीने होतच नाहीत. कोयता, कुऱ्हाड, दगड आणि काठी यांना परवाना लागत नाही. पुण्यात गेली काही वर्षे कोयत्याने जी दहशत घातली ती तुम्ही वाचलीच असेल. मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेला खून अपहरण करून, बेदम मारहाणीने झाला. त्या निमित्ताने बीड जिल्ह्यातल्या एक हजाराहून अधिक शस्त्र परवान्यांचा प्रश्न मात्र ऐरणीवर आला, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. ते परवानेही कधी काळी ‘जीवितास धोका’ या कारणासाठीच दिले गेले असणार. मिरवणुकीत किंवा लग्नात अशी हौस करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. तरी हौस कमी झाल्याचे दिसत नाही.

शेजारच्या तालुक्यात दाखवला गेलेला तो कट्टा बहुधा सातपुड्याच्या बाजूने आला असेल. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले, आपल्या चोपडा तालुक्याला लागून असलेले उमर्टी हे गाव अशा शस्त्रांसाठी पोलिसांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. या शस्त्रांना आवर घातला तर तुमच्यासारख्यांचा धोका खरोखर कमी होईल, आणि ते काम पोलिसांचे आहे. तुम्ही रिव्हॉल्व्हर घेतल्याने बाजारातला एकही कट्टा कमी होत नाही.

परवान्याच्या शस्त्रांची गोष्ट वेगळी आहे. ती अनोळखी माणसावर क्वचित चालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आठवडाभराच्या आत महाराष्ट्राने दोन घटना पाहिल्या. २ तारखेला उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या; त्या तत्कालीन आमदारांनी आपल्या परवान्याच्या पिस्तुलातून झाडल्याचा आरोप आहे. ८ तारखेला दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाला समाजमाध्यमावरचे थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या आणि मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाचे, परवान्याचे होते, असे पोलिसांनी सांगितले. दोन्हीकडे माणसे एकमेकांना चांगली ओळखत होती आणि दरोड्याचा कुठे संबंध नव्हता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. ते थोडक्यात बचावले.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एक बाई दुपारच्या सुटीच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या यजमानांच्या नावे पिस्तुलाचा परवाना होता, कारण ‘व्यवसायानिमित्त रोख रकमेची ने-आण’. बाईंनी वहीच्या कागदावर अर्ज लिहून आणला होता की तो परवाना कृपया परत घ्यावा. कारणाच्या जागी काही लिहिले नव्हते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ते कधी काही करत नाहीत. भांडण झाले की फक्त ते काढून टेबलावर ठेवतात.” संचिकेत अशा वाक्यासाठी रकाना नव्हता. पोलीस अहवाल मागवला, तोही ‘कोणतीही तक्रार नाही’ असा आला. बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना समोर बसवून ऐकून घेतले, नोटीस काढली आणि शस्त्र जमा झाले. पुढे त्या घरात काय झाले ते मला ठाऊक नाही, पण ते पिस्तूल पाच वर्षांत एकाही चोराला दिसले नव्हते, आणि त्या बाईंना कितीदा दिसले ते मी विचारले नाही.

म्हणून मी तुम्हाला तुमच्या मुलाविषयी विचारतो. दुकानाची गोष्ट तुम्ही पाच-सहा वाक्यांत लिहिली आहे आणि मुलाची दोनच वाक्यांत, तीही ‘घरात वाद नकोत’ या कारणापोटी. लग्न मोडलेला, न बोलणारा, रात्री उशिरा येणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुण घरात आहे आणि शस्त्र आणण्याचा आग्रह त्याचाच आहे. त्यामागे काही निराळे असेलच असे मी म्हणत नाही. त्याला दुकानाची काळजी असेल, ती करण्याचेच त्याचे वय आहे. परंतु माझ्याकडे आजही ती संचिका आली असती, तर या दोन वाक्यांसाठी मी ती पुढे पाठवली नसती. निराशेच्या भरात स्वतःला इजा करण्याची ऊर्मी पुष्कळदा काही तासांची, कधी काही मिनिटांची असते. ती टळली की बहुसंख्य माणसे पुढे आयुष्य जगतात. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक हाताशी असेल तर ती मिनिटे टळायला वाव उरत नाही. पोलीस दलातले ज्येष्ठ, शस्त्राचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेले अधिकारीही आपण याच रीतीने गमावले आहेत. प्रशिक्षणाने नेम सुधारतो, मनाचा भार हलका होत नाही.

मुलाशी बोला, आणि बोलताना रिव्हॉल्व्हरचा विषय काढू नका. त्याला दुकानात एकट्याला बसवण्याऐवजी काही दिवस तुम्ही त्याच्या शेजारी बसा. बापलेकांचे बोलणे समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून अधिक होते, असा माझा अनुभव आहे. मोडलेल्या लग्नाविषयी नातेवाइकांत जी चर्चा चालते ती त्याच्या कानावर जात असेल, तर ती थांबवणे तुमच्या हातात आहे. त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याला सरळ विचारायला घाबरू नका. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि तिथे आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालते.

स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी तुम्ही विचारले नाही, पण अर्ज करणारे सगळे जण ते गृहीत धरून चालतात, म्हणून दोन शब्द. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो हक्क आहे. दरोडा किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा प्रसंगी तो प्रतिकारात समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. पण संरक्षणासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा, ही मर्यादा कलम ३७ मध्ये आहे, आणि माल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी त्या मर्यादेत बसवताना वकिलाची दमछाक होते. असा खटला वर्षानुवर्षे चालतो, आणि तोपर्यंत दुकान कोण सांभाळणार?

दुकानासाठी जे करता येईल ते सांगतो, आणि त्यात नवे काही नाही. काचेच्या आत दुसरे, आतून उघडणारे दार बसवा, म्हणजे तिघे एकदम आत येणार नाहीत. दर्शनी कपाटांत कमीत कमी माल ठेवा. उरलेला, ठरावीक वेळेआधी न उघडणाऱ्या तिजोरीत ठेवा आणि ‘ही तिजोरी मालकालाही वेळेआधी उघडता येत नाही’ अशी पाटी ठळक लावा. ती पाटी रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक काम करते, कारण दरोडेखोर मिनिटे मोजत असतो. कॅमेऱ्याची नोंद दुकानाबाहेर साठेल अशी व्यवस्था करा. नोंदयंत्रच उचलून नेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. काउंटरखाली पायाने दाबता येईल असा धोक्याचा इशारा बसवून त्याची घंटी शेजारच्या दोन दुकानांत वाजेल असे करा. सराफांसाठी विमा कंपन्यांची ‘ज्वेलर्स ब्लॉक’ नावाची पॉलिसी असते. ती घेताना लुटीचे कलम आणि दुकान चालू असतानाच्या अटी नीट वाचून घ्या, कारण तुमची झोप उडवणारा निम्मा भाग मालाच्या काळजीचा आहे आणि तो विम्याने भरून निघतो. तुमच्या सराफ संघटनेने पोलीस निरीक्षकांना एकत्र भेटून बाजारपेठेत दुपारची गस्त मागावी, आणि एका फोनवर गावातल्या सगळ्यांना संदेश पोहोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा तुमच्याकडे सुरू नसेल तर तीही. आणि समोर खरोखर कट्टा आलाच, तर माल द्या. मुलालाही हेच सांगून ठेवा, स्पष्ट शब्दांत, कारण तरुण माणसाला ते भ्याडपणाचे वाटण्याचा संभव असतो आणि वडिलांनी आधी सांगितलेले असले तर वाटत नाही.

अर्ज करू नका, हे माझे मत एव्हाना तुमच्या लक्षात आलेच असेल. पण त्याहून तातडीचे काम तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. वडिलांच्या निधनाबरोबर त्यांच्या परवान्याचा आधार संपला. तीन वर्षे माळ्यावर असलेली ती बारा बोरची बंदूक आज कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र आहे, आणि ती तुमच्या ताब्यात आहे. अशा वेळी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार बंधनकारक आहे. वारसाला ती आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो शस्त्र जमा केल्यानंतरचा विषय, आणि माझे मत विचाराल तर तोही अर्ज करू नये, विकून टाकावी. घाबरू नका. वडिलांविषयीच्या मायेपोटी किंवा माहितीअभावी असे कित्येक घरांत राहून जाते, आणि स्वतःहून आलेल्या माणसाकडे पोलीस सहसा समजुतीने पाहतात. तरी उशीर बराच झाला आहे, म्हणून ओळखीच्या एखाद्या वकिलाला बरोबर घ्या. उद्या सकाळी आधी ठाणे अंमलदारांना फोन करून येत असल्याचे सांगा, वडिलांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला शोधून ठेवा. बंदूक माळ्यावरून तुम्ही स्वतः उतरवा, मुलाला उतरवायला सांगू नका. नळीत काडतूस नाही हे जाणकाराकडून पाहून घ्या. उरलेली काडतुसे मोजून वेगळ्या पिशवीत न्या, आणि ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पोच मागून घ्या.